बाहुलीची वस्त्रे : प्रमाण, चिंधी आणि घरगुती शिवण

विराटपर्वात एक छोटासा प्रसंग आहे. कौरवांनी विराटाच्या गाई वळवून नेल्या. उत्तर राजपुत्र बृहन्नडेला सारथी करून युद्धास निघाला. आणि रथ हलण्यापूर्वी राजकन्या उत्तरा व तिच्या सख्या यांनी बृहन्नडेपाशी एक मागणी केली. भीष्मद्रोणादिकांना जिंकल्यावर त्यांची तलम, रंगीबेरंगी वस्त्रे आपल्या बाहुल्यांसाठी आणावीत, अशी ती मागणी होती. अर्जुनाने ती हसून मान्य केली व रणांगणावरही तो ती विसरला नाही. संमोहनास्त्राने कुरुसेना निश्चेष्ट पडल्यावर त्याने उत्तराला द्रोण व कृप यांची शुभ्र, कर्णाचे पीत आणि अश्वत्थामा व दुर्योधन यांची नील वस्त्रे काढून आणावयास सांगितले. भीष्मांना त्या अस्त्राचा प्रतिकार ठाऊक असल्यामुळे त्यांच्यापासून जपून राहण्याची सूचनाही दिली. नगरात परतल्यावर ती वस्त्रे उत्तरेच्या हाती पडली आणि ती संतुष्ट झाली. पुढे त्यांचे काय झाले, ती कोणी कापली व बाहुल्यांना कशी बसविली, हे कथा सांगत नाही.

या प्रसंगाकडे कुरुवीरांच्या मानहानीचा प्रसंग म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतील विराटपर्व (संपादक रघुवीर, १९३६) उघडून उत्तरेचे शब्द पाहिले, तर दोन गोष्टी लक्षात येतात. बाहुलीस तेथे ‘पाञ्चालिका’ हा शब्द आहे, आणि तिच्यासाठी मागितलेल्या वस्त्रांचे एक विशेषण ‘सूक्ष्म’ असे आहे. सूक्ष्म म्हणजे तलम, बारीक सुताचे. रंगीत वस्त्रे मागण्याचे कारण सांगावे लागत नाही. परंतु बाहुलीचे वस्त्र तलमच का असावे? राजकन्येचा तो केवळ हट्ट होता, की बाहुलीला नेसविताना आलेला अनुभव त्या शब्दामागे होता? घरी बसून बाहुलीसाठी कपडे शिवणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचे उत्तर हाताने ठाऊक असते.

बाहुली व तिचा खेळ यांची नावे आपल्या वाङ्मयात विपुल आहेत. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात बाल पार्वती ‘कृत्रिमपुत्रकां’शी खेळते. वात्स्यायनाने ‘दुहितृका’ हा शब्द योजिला असून सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ व माती अशा तिच्या द्रव्यांची यादी दिली आहे. मराठीत लाकडी बाहुलीस ‘ठकी’ म्हणतात. मराठीतच डोळ्याच्या काळ्या बुबुळामधील बिंदूलाही ‘बाहुली’ म्हणतात, कारण समोरच्याची इवलीशी प्रतिमा तेथे दिसते. लॅटिन भाषेतही त्या बिंदूचे नाव लहान मुलीच्या व बाहुलीच्या नावावरूनच आले आहे. या सर्व नावांत बाहुली ही लहान केलेली व्यक्ती आहे, ही कल्पना गृहीत आहे. तिची वस्त्रे म्हणजे लहान केलेली वस्त्रे, असा समज त्यातूनच होतो. तो खरा नाही. कापड लहान कापता येते, पण लहान करता येत नाही. आणि म्हणून बाहुलीचे प्रत्येक वस्त्र हा मूळ वस्त्रातील काय ठेवावे व काय सोडावे यासंबंधीचा निर्णय असतो.

हा निर्णय कसा घडतो हे पाहण्यासाठी निगडीसारखी वस्ती विशेष सोयीची आहे. मुंबई-पुणे मार्गावरील या गावाच्या परिसराचे रूप दोन टप्प्यांत पालटले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला व त्यामागून आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे उद्योग वाढत गेले. नंतर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीच्या आसपास भूखंडांच्या आखीव पेठा वसविल्या. प्राधिकरण ही संस्था २०२१ साली विलीन झाली, तरी ‘प्राधिकरण’ हे त्या वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी राहिले आहे. येथील कुटुंबे सातारा, सोलापूर, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण अशा भिन्न भागांतून आणि परप्रांतांतूनही आलेली आहेत. एकाच जिन्यावरील दोन घरांतील आजींची लुगडे नेसण्याची पद्धत एक असतेच असे नाही. कपड्यांचे बोचके सोडले तर एका घरात इरकली लुगड्याचा तुकडा निघावा, शेजारच्या घरात सुती पातळाचा, आणि दोन्ही घरांत कारखान्याच्या गणवेशाचे जाड ड्रिल निघावे, अशी ही वस्ती आहे. बाहुलीच्या दृष्टीने यांतील पहिली दोन कापडे चालतात. तिसरे चालत नाही. का चालत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

तीस सेंटिमीटर उंचीची चिंध्यांची बाहुली घेतली, तर ती दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या एकपंचमांश होते. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर, तिचा पाचवा हिस्सा १.६४ मीटर. रुंदीही त्याच प्रमाणात २२-२३ सेंटिमीटर धरली, तर कागदावर हिशेब बरोबर येतो. परंतु कापडाची जाडी पाचपट कमी झालेली नसते. स्त्रीच्या कमरेचा घेर ७५ सेंटिमीटर मानल्यास त्रिज्या सुमारे १२ सेंटिमीटर येते. तीभोवती लुगड्याचे दहा थर आले आणि प्रत्येक थर ०.३ मिलिमीटर धरला, तर एकूण जाडी ३ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या चाळीसाव्या भागाइतकी होते. बाहुलीच्या कमरेची त्रिज्या २.४ सेंटिमीटर असते. तेच दहा थर तेथे त्रिज्येचा आठवा भाग व्यापतात. बाहुलीची कंबर पोटापेक्षा फुगते आणि निऱ्यांचा गठ्ठा पुढे लाकडासारखा उभा राहतो. म्हणून कोणतीही जाणती आजी बाहुलीला हिशेबाप्रमाणे दीड मीटर लुगडे देत नाही. ती पाऊण मीटरभर पट्टी घेते, निऱ्या चारपाचच घालते, पण काष्टा मात्र सोडत नाही. निऱ्यांची संख्या गौण, आणि मागे खोचलेला काष्टा मुख्य, असा निवाडा येथे हाताने झालेला असतो.

दुसरी अडचण कापडाच्या ताठपणाची आहे. कापड वाकण्यास जो विरोध करते आणि स्वतःच्या वजनाने जे खाली पडू पाहते, त्यांतील झगड्यावर वस्त्राचा झोक अवलंबून असतो. मँचेस्टरजवळच्या कापूस-संशोधन संस्थेतील एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये हा गुण मोजण्याची रीत मांडली. कापडाची पट्टी कडेबाहेर सरकवीत न्यावी व ती ठरावीक कोनापर्यंत झुकली की बाहेर आलेल्या लांबीवरून तिच्या वाकण्याचे एक माप काढावे, अशी ती रीत आहे. हे माप लांबीचेच असते, आणि हीच त्या रीतीतील मर्माची गोष्ट होय. समजा एखाद्या सुती कापडाचे हे माप २ सेंटिमीटर आले. साठ सेंटिमीटर लांब परकराच्या मानाने ते तिसावा भाग असते. परकर पायांवर सरळ पडतो. बाहुलीचा परकर बारा सेंटिमीटरांचा. त्याच्या मानाने ते माप सहावा भाग होते, आणि चुण्या घातलेला परकर छत्रीसारखा फाकतो. ड्रिलच्या बाबतीत तर चुण्या पडतच नाहीत. उत्तरेच्या ‘सूक्ष्म’ या विशेषणाचा अर्थ येथे उलगडतो. लहान अंगावर वस्त्र पडावयाचे असेल, तर सूत बारीकच हवे.

सामान्य घरात तलम कापड बाहुलीसाठी कोणी विकत आणीत नाही. परंतु वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती लुगड्यातील खळ निघून जाते, सूत झिजते, आणि मुळात भरड असलेले कापडही मऊ होते. बाळाची दुपटी व अंगडी जुन्या लुगड्याची करतात, त्यामागे काटकसरीइतकाच हा मऊपणा आहे. बाहुलीला चिंधी मिळते ती गरिबीमुळे, असे सहज म्हटले जाते. वस्तुतः चिंधी हेच तिच्यासाठी सर्वांत योग्य कापड होय. मात्र या चिंधीवर घरात इतरांचाही हक्क असतो. चांगली मोठी जुनी पातळे बोहारणीकडे जातात व त्यांच्या बदल्यात भांडे येते. खऱ्या जरीचे लुगडे असल्यास जर चांदीच्या भावाने विकली जाते. उरलेल्यातून गोधडीचे थर निघतात, पुसणी निघतात. औद्योगिक वस्तीत यंत्रे पुसण्यासाठीही चिंध्यांना मागणी असते. या सर्वांतून जो टिचभर तुकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही तो बाहुलीच्या वाट्यास येतो. अलीकडे त्यात शिंप्याच्या दुकानातील कातरणीची आणि साडीला फॉल लावताना उरलेल्या पट्ट्यांची भर पडली आहे. परंतु ही नवी कापडे बहुधा कृत्रिम धाग्यांची व निसरडी असल्यामुळे मुलीच्या हातात ती ठरत नाहीत.

शिवणीच्या बाजूनेही प्रमाण असेच बिघडते. मोठ्या कपड्यात शिवणीबाहेर साधारण दीड सेंटिमीटर कापड सोडतात. त्याचा पाचवा हिस्सा ३ मिलिमीटर. सेंटिमीटरला पंचवीस धागे असलेल्या कापडात तेवढ्या जागेत सातआठ धागे येतात, आणि हाताळताना त्यांतील दोनतीन सुटतात. उरलेल्या धाग्यांवर शिवण तगत नाही. म्हणून कडेला पाच-सहा मिलिमीटर सोडावेच लागतात, आणि ते आतील बाजूस जमा होऊन बाहुलीच्या काखेत गोळा होतो. पोलक्याचा मुंडा हे सर्वांत अवघड ठिकाण. घरगुती शिवणीने त्यावर काढलेली तोड सोपी आहे : बाही वेगळी कापावयाचीच नाही. कापड खांद्यावर दुमडून अंगाच्याच कापडातून बाही काढावयाची, मध्ये गळ्यापुरता काप द्यावयाचा आणि दोन्ही बाजूंस काखेपासून कमरेपर्यंत एकेक शिवण घालावयाची. असे पोलके अंगावर ताणते, परंतु बाहुली हात वर करीत नाही.

कामाचा क्रमही त्यामुळे बदलतो. मोठ्या पोलक्यात बाजू शिवून मग बाही जोडली तरी चालते. बाहुलीच्या पोलक्यात मात्र गळ्याचा गोट, बाहीची मुरड, लावावयाची असल्यास काठाची पट्टी, हे सर्व कापड सपाट असतानाच उरकावे लागते. बाजू अगदी शेवटी मिटवावयाच्या. एकदा नळी तयार झाली की तीत बोट शिरत नाही, सुई तर नाहीच. गळ्याचा गोट उरेब पट्टीचा असावा लागतो, कारण तिरका कापलेला तुकडा वळणावर ताणून बसतो. शिवणयंत्र येथे फारसे कामास येत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गळ्यावर यंत्राच्या पायाखाली कापड फिरवावयास जागा राहत नाही. घरात यंत्र असूनही बाहुलीचे कपडे हातशिलाईचे राहतात, ते यामुळे. सरळ बाजूस धावदोरा, काखेत बखिया आणि घेराला तुरपाई एवढ्यावर सर्व काम होते. मुलगी शिकते तीही याच क्रमाने. प्रथम धावदोरा, कारण त्यातील चूक उसवून काढता येते.

बाहुलीचे डोके ही आणखी एक बाब. चिंध्यांच्या बाहुलीचे डोके पांढऱ्या फडक्यात गोळा बांधून केलेले असते व ते अंगाच्या मानाने मोठे असते. काजळाने डोळे व लाल दोऱ्याने तोंड काढावयास तेवढी जागा लागतेच. त्यामुळे डोक्यातून घालावयाचे पोलके तिला बसत नाही आणि ते पाठीवर उघडे ठेवून बंद लावावे लागतात. तान्ह्या बाळाच्या अंगड्याची रचना नेमकी हीच असते व कारणही तेच. याच्या उलट, बायकांची जुनी चोळी पुढे गाठ मारण्याची असते; ती बाहुलीला जशीच्या तशी लागू पडते. चोळीसाठी गुळेदगुड्डचा खण मिळाला तर दुधात साखर. खणाच्या विणीतील बुट्टी मुळातच बारीक असते, त्यामुळे लहान तुकड्यातही ती पुरी दिसते. पैठणीच्या पदरावरचा मोर बाहुलीच्या अंगावर आला तर त्याचा नुसता पाय दिसावयाचा. नक्षीचे माप अंगाच्या मापाशी जुळणे हा सौंदर्याचा विचार मुली कोणी न सांगता करतात. लुगड्याचा काठ घेताना त्या पूर्ण काठ न घेता त्याच्या कडेच्या एकदोन रेघाच घेतात, आणि तेवढ्यावर तो काठ ओळखू येतो.

बाहुलीच्या कपड्यांना निकड येत असे ती बाहुला-बाहुलीच्या लग्नाच्या वेळी. एरवी वर्षभर एकाच परकरावर राहणाऱ्या बाहुलीला सुटीतील त्या एका दुपारसाठी शालू, चोळी, मुंडावळ्या लागत; वरपक्षाला धोतर, उपरणे व पगडी. पुरुषी पोशाखातील पगडी सोडली तर शिवणीचे काम थोडेच. पगडीसाठी पुठ्ठ्याच्या कड्यावर चिंधी पीळ देऊन गुंडाळीत. अंतरपाट म्हणून एखादा रुमाल पुरे. लग्न लागल्यावर बाहुली परघरी पाठवावयाची वेळ येई, तेव्हा खरी रडारड होई. बाहुली देण्यापेक्षाही तिच्यासाठी शिवलेले कपडे देणे वधूच्या ‘आई’स जड जाई. ही भांडणे मिटविताना घरच्या वडील बायकांनी बाहुली सासरी व कपडे माहेरी, असा उफराटा तोडगा काढला तरी नवल नसे.

निगडीतील फ्लॅटमधून हे लग्न आता क्वचित लागत असेल. परंतु लहान देहाला मोठ्या वस्त्राचा आभास देण्याची विद्या तेथे अन्य मार्गाने चालू आहे. भाद्रपदात ज्येष्ठागौरींचे मुखवटे स्टँडवर बसवून त्यांना साडी नेसविताना पाय नसलेल्या आकृतीला निऱ्या पायघोळ कशा दिसतील हा प्रश्न दरवर्षी नव्याने सुटतो. जन्माष्टमीस बाळकृष्णाचे अंगडे-टोपडे बोटभर मापाचे करावे लागते. बाजारात मिळणारी शिवलेली नऊवारी तर याच निवाड्याचे व्यापारी रूप आहे. निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या, काष्टा शिवलेला, आणि कापड मूळ लांबीपेक्षा कमी. बाहुलीच्या लुगड्यात आजीने जे राखले तेच येथेही राखलेले दिसते.

कारखान्यात तयार होणाऱ्या बाहुलीने हा प्रश्न निराळ्या बाजूने सोडविला. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने १९५९ साली बाजारात आणलेली बार्बी साडेएकोणतीस सेंटिमीटरांच्या आत आहे, म्हणजे आपल्या चिंध्यांच्या बाहुलीएवढीच. तिच्या पहिल्या कपड्यांचे शिवणकाम जपानमध्ये झाले व त्यात घरी बसून शिवणाऱ्या स्त्रियांचा वाटा होता. तिच्या अतिशय बारीक कमरेवर पुढे पुष्कळ टीका झाली. तेव्हा दिले गेलेले एक स्पष्टीकरण असे, की परकराचा पट्टा, पोलक्याची कड व शिवणी यांचे थर कमरेवर चढल्यानंतर बाहुली प्रमाणबद्ध दिसावी म्हणून ती कंबर मुळात बारीक घेतली. स्पष्टीकरण पुरेसे आहे असे मानण्याचे कारण नाही. परंतु अडचण खरी आहे. कापडाची जाडी घटत नाही हे सत्य कारखान्याने व आजीने दोघांनीही ओळखले. कारखान्याने अंग बदलले. आजीने वस्त्र बदलले. आणि एकदा अंग विशिष्ट वस्त्रासाठी घडले की दुसऱ्या वस्त्राला ते दाद देत नाही. टाचा उंचावलेल्या, पाय जुळविलेल्या त्या प्लॅस्टिकच्या बाहुलीला काष्टा घालणे जवळजवळ अशक्य होते. कापड गुळगुळीत अंगावरून घसरते. निगडीच्या घरात अशी बाहुली आल्यावर तिच्यासाठी जे शिवले जाते ते बहुधा वरून चढवावयाचा झगा. लुगडे गेले ते मुलींना नकोसे झाले म्हणूनच असे नव्हे. ते त्या अंगावर राहत नाही, हेही एक कारण आहे.

या विषयाच्या अभ्यासापुढील मोठी अडचण पुराव्याची आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या बालपणीच्या १३२ लाकडी बाहुल्यांची नोंद आहे; त्यांपैकी ३२ बाहुल्यांचे कपडे राजकन्येने स्वतः व उरलेल्यांपैकी बहुतेकांचे तिच्या शिक्षिकेने केले, हेही ठाऊक आहे. रोमन अमलाखालील इजिप्तमधील एक चिंध्यांची बाहुली कोरड्या वाळूमुळे टिकली व ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लिनन कापडाच्या त्या अंगात चिंध्या व पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. दिल्लीस व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली स्थापिलेल्या बाहुली-संग्रहालयात भारताच्या निरनिराळ्या प्रांतांचे वेष पाहावयास मिळतात. परंतु ते प्रौढ कारागिरांनी प्रांताचा नमुना म्हणून केलेले वेष आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे, भांडी अशा नित्याच्या वस्तूंना मान मिळवून दिला, आणि पितळी भातुकली कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. कापडाचे भाग्य तेवढे नाही. जे आधीच झिजलेले होते तेच बाहुलीला मिळाले, आणि खेळून ते पुन्हा चिंधीत गेले. राजवाड्याचा आश्रय नाही, वाळूचा कोरडेपणा नाही. आहे तो पावसाळा आणि कसर.

म्हणून आज घरोघरीच्या डब्यांतून व ट्रंकांतून जे दोनचार कपडे शिल्लक असतील त्यांची नोंद वस्तू हाती असतानाच होणे आवश्यक आहे. अशी नोंद केवळ समोरून छायाचित्र घेऊन होत नाही. कपडा उलटा करून पाहावा लागतो, कारण सर्व निर्णय आतल्या बाजूस लिहिलेले असतात : शिवणीबाहेर किती कापड सोडले, कड कापली की दुमडली, बाही अंगातूनच काढली की जोडली. कापडाचा पूर्वजन्म, म्हणजे ते कोणाचे लुगडे होते व कोठून आले, हे सांगणारी व्यक्ती घरात असेल तर तिच्या शब्दांतच उतरून घ्यावे. कपडा धुऊ नये. डागही नोंदीचाच भाग आहे. टाके मात्र अवश्य मोजावेत. एकाच पोलक्यात पुष्कळदा दोन हात दिसतात. काखेतील टाके सेंटिमीटरला पाचसहा, एकसारखे व आवळलेले. घेराचे टाके लांब, मध्येच वाकडे, आणि शेवटी सुटू नये म्हणून मारलेल्या एकावर एक तीनचार गाठी.